काढणं आणि जोडणं : जठराच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं जठराच्या कर्करोगावर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. त्यातही विषय असा की दुर्बिणीनं जठर काढल्यावर अन्नाचा मार्ग पुन्हा जोडतात कसा! तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, उपचाराचा सल्ला द्यायला मी उभा नाही. ते तुमच्या डॉक्टरांचं काम. मी इतिहास सांगणार आहे. हा इतिहास वाचताना मला आमच्या विषयातला एक जुना प्रश्न सारखा भेटत राहिला. एखाद्या गोष्टीतला भाग काढून टाकला आणि उरलेलं पुन्हा जोडलं, तर त्याला दुरुस्ती म्हणायचं की नवी रचना?

आपल्याकडे कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालं की भेटायला येणारे दोन गोष्टी हमखास विचारतात. ‘गाठ सगळी निघाली का?’ आणि ‘टाके किती पडले?’ तिसरा प्रश्न, ‘आतून जोडलं कसं?’, हा सहसा कुणी विचारत नाही. आणि गंमत बघा, पेशंट बरा होऊन घरी गेला की पुढची वर्षं तो काय जेवेल, किती जेवेल, जेवल्यावर त्याला घाम फुटेल की झोप लागेल, हे बरंचसं त्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. आजचं व्याख्यान त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

द्वारपाल

आधी थोडी रचना समजून घेऊ. अन्ननलिका छातीतून खाली येते आणि जठरात उघडते. जठराच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक जाड कडं असतं, त्याला पायलोरस म्हणतात. शब्द ग्रीक आहे, अर्थ ‘द्वारपाल’. त्याच्या पुढे लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम. हे नाव ‘बारा’ या संख्येवरून आलं, कारण त्याची लांबी बारा बोटं शेजारी शेजारी ठेवली तर भरते तेवढी, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर. इथेच पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नाला येऊन मिळतात. त्यापुढचा आतड्याचा भाग म्हणजे जेजुनम. एवढी नावं लक्षात ठेवलीत की पुढचं सगळं सोपं आहे.

जठर नुसतं पचन करत नाही. ते अन्न साठवतं, घुसळतं आणि द्वारपालाच्या हातून थोडं थोडं पुढे सोडतं. आपल्या चरकसंहितेत ग्रहणी नावाच्या अवयवाचं वर्णन आहे. अन्न न पचलेलं असेल तोवर धरून ठेवायचं आणि पचलं की पुढे जाऊ द्यायचं, हे तिचं काम. अग्नीचं स्थानही तिथेच सांगितलं आहे. ग्रहणी म्हणजे आजचा अमुकच भाग, असं बोट ठेवून दाखवण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण ‘धरणं’ आणि ‘सोडणं’ ही जोडी मात्र पुढच्या सगळ्या कथेची किल्ली आहे. जठर काढलं की नेमकी हीच जोडी तुटते.

मुंग्यांचे टाके

आता जोडण्याकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांचा अध्याय आहे. आतडं अडलं किंवा त्याला भोक पडलं, तर काय करायचं ते तिथे सांगितलं आहे. बेंबीच्या खाली डाव्या बाजूला पोट उघडायचं, आतडं बाहेर काढून तपासायचं, अडथळा दूर करायचा. भोक असेल तर त्याच्या कडा एकत्र धरून मोठ्या काळ्या मुंग्यांकडून तिथे चावून घ्यायचं. मुंगीनं कडा पकडल्या की तिचं धड तोडायचं. डोकं तसंच राहतं, जबड्यात दोन्ही कडा धरून. मग आतडं आत ठेवून पोट शिवायचं.

यावरून आपल्याकडे जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होत होती असं म्हणू नका. तसं त्या ग्रंथात नाही. पण एक गोष्ट तिथे स्वच्छ कळलेली दिसते. वैद्यानं हात काढून घेतल्यावरही कडा धरून ठेवणारं काहीतरी आत राहिलं पाहिजे. जोड भरून येतो तो शरीराच्या बळावर. आपण फक्त तोवर त्याला धरून ठेवायचं.

युरोपात ही गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीनं मांडली ती पॅरिसच्या अँत्वान लाँबेर यानं, १८२६ साली. आतड्याच्या कडा आत वळवायच्या आणि बाहेरचं आवरण बाहेरच्या आवरणाला भिडवायचं, मग जोड धरतो, असं त्यानं दाखवलं. बोलायला किती साधं! पण या एका टाक्यावाचून पुढचं काहीही घडलं नसतं. त्यानंतर १८४६ साली बोस्टनमध्ये इथरची भूल जगासमोर आली आणि १८६७ साली जोसेफ लिस्टरची जंतुनाशक पद्धत. भूल, स्वच्छता आणि टाका. तिन्ही एकत्र आल्यावर जठराला हात घालण्याची हिंमत माणसाला झाली.

व्हिएन्ना, १८८१

पहिले दोन प्रयत्न फसले. पॅरिसला १८७९ साली पेआं यानं जठराचा खालचा भाग काढला, १८८० साली पोलिश सर्जन रिडिगिएर यानं. दोघांचेही रुग्ण वाचले नाहीत. मग २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यानं थेरेसे हेलर नावाच्या ४३ वर्षांच्या बाईवर शस्त्रक्रिया केली. तिच्या पायलोरसला गाठ होती, अन्न पुढे सरकत नव्हतं, जे खाईल ते उलटून पडत होतं. बिलरोथनं तो भाग काढला आणि उरलेलं जठर थेट ड्युओडेनमला जोडलं. दीड तासाच्या आसपास काम चाललं. रेशमी धाग्याचे पन्नासेक टाके. बाई वाचली, आणि मुख्य म्हणजे जेवू लागली.

हा धाडसाचा किंवा नशिबाचा खेळ नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. बिलरोथचे सहायक गुसेनबाउअर आणि विनिवार्टर यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. जठर कापून पुन्हा जोडलं तर प्राणी जगतो का, हे त्यांनी तपासलं होतं. शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून, पायलोरसचा कर्करोग किती जणांत तिथेच मर्यादित राहिलेला असतो, हेही पाहिलं होतं. प्रश्न दोन होते, काढून उपयोग आहे का आणि जोडलेलं टिकेल का. दोन्हींचा विचार शस्त्र हातात घेण्यापूर्वी झाला होता.

थेरेसे हेलर चार महिन्यांनी गेली. कर्करोग शरीरात पसरलेला होता. मग या शस्त्रक्रियेला यशस्वी का म्हणायचं? माझ्या मते तिथे दोन निकाल लागले. रोगावरच्या लढाईचा निकाल तिच्या विरुद्ध गेला, जोडाचा निकाल तिच्या बाजूनं. हे दोन निकाल वेगळे असतात. आजही असतात. बरीच गल्लत आपण ते एकच समजतो म्हणून होते.

दुसरी वाट, तिसरी वाट

जठर थेट ड्युओडेनमला जोडण्याच्या या पद्धतीला पुढे ‘बिलरोथ एक’ नाव पडलं. अन्न पूर्वीच्याच रस्त्यानं जातं, हा तिचा गुण. पण जठराचा मोठा भाग काढावा लागला तर दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. ओढून जोडलं तर जोडावर ताण येतो, आणि ताण आलेला जोड गळतो.

१८८१ सालीच बिलरोथचा सहायक वोल्फ्लर याच्यासमोर असा रुग्ण आला की गाठ काढणंच शक्य नव्हतं. त्यानं गाठ तशीच ठेवली आणि जठराला जेजुनमचा वळसा आणून जोडला. रस्ता बंद असला तर शेजारच्या गल्लीतून वाट काढायची, तसं. १८८५ साली बिलरोथसमोर एक अशक्त रुग्ण होता. आधी नुसती ही बाजूची वाट करावी, असा बेत होता. ती झाली, रुग्णानं तग धरला, तेव्हा त्याच बैठकीत गाठही काढली आणि ड्युओडेनमचं टोक शिवून बंद केलं. ही झाली ‘बिलरोथ दोन’. म्हणजे वैद्यकाच्या पुस्तकांत ठाण मांडून बसलेली ही पद्धत एका नाइलाजातून जन्मली.

तिची अडचण अशी की पित्त त्याच वळशातून वाहत येतं आणि उरलेल्या जठरात उलटं चढतं. जळजळ, कडू पाणी, उलट्या. यावर उपाय निघाला तो स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू याच्या पद्धतीत, १८९० च्या दशकात. त्यात जेजुनम मधेच कापतात. खालचं टोक वर आणून जठराला जोडतात. वरच्या टोकातून पित्त येत असतं, ते टोक खाली काही अंतरावर त्याच आतड्याच्या कुशीत जोडतात. इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आकार होतो. एका फांदीतून अन्न येतं, दुसऱ्या फांदीतून पित्त, आणि खोडात दोघांची भेट. आज अन्नाची फांदी साधारण ४० सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक ठेवतात, म्हणजे पित्ताला उलटं चढून यायला अंतर फार पडतं.

ही पद्धतही लगेच स्थिरावली नाही. त्या काळात ती अनेकदा जठर शाबूत ठेवून, अडलेल्या पायलोरसला वळसा म्हणून वापरली जाई. जठराचं आम्ल थेट आतड्यावर पडे आणि ते सौम्य करणारं पित्त तिथे नसे. त्यामुळे जोडापाशी व्रण होत आणि पद्धत मागे पडली. पुढे संपूर्ण जठर काढायची वेळ आली तेव्हा ती पुन्हा पुढे आली, कारण जिथे आम्लच नाही तिथे आम्लाच्या व्रणाचं भयही नाही. एकाच रचनेचा दोष परिस्थिती बदलली की उरत नाही, हे इथे छान दिसतं.

जठराशिवाय माणूस

१८९७ साली झुरिकमध्ये कार्ल श्लाटर यानं ५६ वर्षांच्या एका बाईचं संपूर्ण जठर काढलं आणि अन्ननलिका थेट जेजुनमला जोडली. बाई वाचली, खाऊ लागली, वजनही वाढलं. सुमारे चौदा महिने ती जगली आणि मग कर्करोग उलटून गेली. जगभर चर्चा झाली. जठर नसतानाही माणूस जगतो, मग जठर लागतं तरी कशाला?

उत्तर मिळायला काही दशकं लागली. जठर आणखी एक काम करतं, याचा तोवर कुणाला पत्ताच नव्हता. बोस्टनमध्ये विल्यम कॅसल यानं १९२० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की जठरातून एक द्रव्य स्रवतं आणि त्याच्याशिवाय अन्नातला एक घटक शरीरात शोषला जात नाही. तो घटक १९४८ साली वेगळा काढला गेला. तोच आपला बी-१२. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणून जठर काढल्यावर लगेच काही बिघडत नाही. तीन-चार वर्षांनी रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. श्लाटरची रुग्ण हे दिसायला पुरेशी जगलीच नव्हती.

इथे मी थोडा थांबतो, कारण हा माझ्या विषयातला मुद्दा आहे. एखादा अवयव काय करतो हे आपल्याला बऱ्याचदा त्याच्या अभावातून कळतं. आणि अभाव कळायला माणूस पुरेसा काळ जगावा लागतो. सर्जन जितका कुशल, रुग्ण जितका दीर्घायुषी, तितकी आपल्या अज्ञानाची यादी लांबते. आज पूर्ण जठर काढलेल्या माणसाला बी-१२ आयुष्यभर द्यावं लागतं, बहुधा इंजेक्शननं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत तर मुळात साठाच कमी असू शकतो, तेव्हा तिथे अधिक लक्ष हवं.

दुसरी गोष्ट द्वारपालाची. तो गेला की अन्न, विशेषतः गोड अन्न, एकदम आतड्यात ओतलं जातं. आतडं पाणी ओढून घेतं, पोटात मुरडा येतो, छाती धडधडते, घाम फुटतो. कधी दोनेक तासांनी रक्तातली साखर खाली येऊन माणूस गळून जातो. लंडनच्या आर्थर हर्ट्झ यानं १९१३ साली या त्रासाचा संबंध जठर फार वेगानं रिकामं होण्याशी जोडला. आज त्याला डम्पिंग म्हणतात. श्रीखंडाची वाटी किंवा गोड चहाचा मोठा पेला अशा माणसाला अंगावर येतो तो यामुळे. त्यानं दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, चावून खायचं, जेवताना पाण्याचे पेले रिचवायचे नाहीत. ‘धरणं आणि सोडणं’ हे काम आता जठराऐवजी माणसाला स्वतः, जाणीवपूर्वक करावं लागतं.

यंत्राचा टाका

हातानं घातलेला टाका हा सर्जनच्या बोटांवर अवलंबून. तो यंत्रानं घालावा ही कल्पना बुडापेस्टच्या ह्युमेर हुल्टल याची, १९०८ सालची. त्याचं यंत्र साडेतीन किलोंहून जड होतं आणि वापरण्याआधी जुळवायलाच तास-दोन तास लागत. १९२१ साली हंगेरीतल्याच अलादार पेट्झ यानं ते हलकं केलं. पुढे मॉस्कोतल्या एका संस्थेत सोव्हिएत अभियंते आणि सर्जन यांनी नाना तऱ्हेचे स्टेपलर बनवले. १९५८ साली अमेरिकन सर्जन मार्क रॅविच रशिया पाहायला गेला, कीव्हमध्ये त्यानं हे यंत्र पाहिलं आणि एक बरोबर घेऊन आला. तिथून त्याचा प्रसार पश्चिमेत झाला. शीतयुद्ध ऐन भरात असताना!

कागदाला पिन मारतो तशा बारीक धातूच्या पिनांच्या दोन-तीन ओळी एकाच दाबात बसतात आणि मधून पातं फिरून कापतंही. आता मघाची मुंगी आठवा. कडा धरायच्या आणि धरलेलं आत सोडून हात काढून घ्यायचा. कल्पना तीच आहे. मात्र सुश्रुताकडून हुल्टलपर्यंत सरळ रेघ ओढू नका. तशी परंपरा नव्हती. एकच अडचण दोन ठिकाणी, दोन काळांत आली आणि माणसाच्या बुद्धीनं जवळपास तसंच उत्तर शोधलं, इतकंच.

मुंबईत काय घडत होतं

आपल्याकडे कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला घर मिळालं ते परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयात. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेलं. मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी तिथे शस्त्रक्रियेची परंपरा उभी केली. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. गावाकडून आलेल्या पेशंटचे नातेवाईक त्या रस्त्यावर पथारी टाकून राहतात, पण नाव कुणाचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

दुसरी कथा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातली. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी तिथे १९७२ साली पोटात दुर्बीण घालून तपासायला सुरुवात केली. तेव्हा सर्जन मंडळींना हे फॅड वाटत होतं. ‘मोठा सर्जन, मोठा छेद’ असा तो जमाना. जर्मनीत एरिख म्यूए यानं १९८५ साली आणि फ्रान्समध्ये फिलिप मूरे यानं १९८७ साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९० साली उडवाडियांनी जे. जे.मध्ये ते केलं, भारतात पहिल्यांदा.

उडवाडियांचा एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही श्रीमंतांची चैन आहे, असं तेव्हा म्हटलं जाई. ते उलट सांगत की गरिबालाच तिची जास्त गरज आहे, कारण हातावर पोट असलेल्या माणसाला सहा आठवडे घरी बसणं परवडत नाही. आपल्या नाशिककडे बघा. द्राक्षाच्या छाटणीत किंवा कांद्याच्या काढणीत राबणाऱ्या माणसाला लवकर उभं राहता आलं तर तो पोराबाळांचा घास वाचवतो. लहान छेदाचा अर्थ त्याच्यासाठी दिसण्यापुरता नसतो. २०२३ च्या जानेवारीत उडवाडिया गेले, तेव्हा दुर्बीण जिल्ह्याच्या गावांत पोचलेली होती.

दुर्बिणीतून जोडणं

पित्ताशय काढायचं म्हणजे नुसतं काढायचं. जोडायचं काही नसतं. जठराचं तसं नाही. म्हणून इथे मामला कठीण झाला. १९९१ साली जपानमध्ये सेइगो कितानो यांनी दुर्बिणीच्या मदतीनं जठराचा खालचा भाग काढला आणि बिलरोथ एक पद्धतीनं जोडला. ‘मदतीनं’ हा शब्द नीट ऐका. सोडवायचं काम दुर्बिणीतून झालं, पण जोड पोटावर एक लहान छेद घेऊन, टोकं बाहेर आणून केला. १९९२ साली सिंगापूरमध्ये पीटर गोह यांनी सगळंच आत केलं, स्टेपलर वापरून बिलरोथ दोन. म्हणजे १८८१ आणि १८८५ च्या त्याच दोन वाटा, शंभरेक वर्षांनी, अर्ध्या इंचाच्या भोकांतून.

बाहेर आणून जोडण्यात अडचण अशी की जाड माणसात किंवा जठर फार वर कापलेलं असताना टोकं बाहेर येतच नाहीत. २००२ साली जपानच्याच कनाया यांनी आतल्या आत बिलरोथ एक करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. जठर आणि ड्युओडेनम शेजारी शेजारी आणायचे, मागच्या भिंती सरळ स्टेपलरनं एकमेकांना जोडायच्या, मग उरलेलं तोंड आणखी स्टेपल मारून बंद करायचं. आतून बघितलं तर पिनांच्या ओळींचा त्रिकोण दिसतो, म्हणून ग्रीक अक्षरावरून नाव पडलं डेल्टा. पूर्ण जठर काढलं असेल तर अन्ननलिकेचं टोक पडद्याच्या अगदी खाली, खोल असतं. तिथे रू यांचा ‘वाय’ जोडायला काही सर्जन गोल स्टेपलरची टोपी नळीला बांधून रुग्णाच्या तोंडावाटे खाली उतरवतात, काही जण आतडं अन्ननलिकेला समांतर ठेवून सरळ स्टेपलर मारतात.

मग कर्करोगाच्या दृष्टीनं हे सुरक्षित आहे का? कोरियात २००६ ते २०१० या काळात सुरुवातीच्या टप्प्यातल्या १,४१६ रुग्णांची चाचणी झाली. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण दुर्बीण गटात ९४.२ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ९३.३ टक्के निघालं. चीनमध्ये अधिक वाढलेल्या कर्करोगाच्या १,०५६ रुग्णांत, तीन वर्षं रोग न उलटण्याचं प्रमाण ७६.५ आणि ७७.८ टक्के. म्हणजे अनुभवी हातांत दोन्ही वाटा सारख्याच. ‘अनुभवी हातांत’ हे शब्द खाली अधोरेखित करा.

आता एक विलक्षण गोष्ट. उघड्या शस्त्रक्रियेनंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटतात. तो दोषच मानला जातो. दुर्बिणीनं चिकटणं कमी झालं, आनंदच आहे. पण आतडं वर आणून जोडताना त्याच्या पडद्यामागे फटी राहतात. अशा एका फटीचं वर्णन वाल्टर पीटरसन यानं १९०० साली केलं होतं. पूर्वी चिकटण्यामुळे या फटी पुष्कळदा आपोआप बुजत. आता बुजत नाहीत, आणि कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी आतडं त्यांत शिरून अडकू शकतं. म्हणून त्या फटी टाक्यांनी बंद करण्याकडे आज कल आहे. जुना दोष गेला तेव्हा कळलं की तो गुपचूप एक कामही करत होता.

आपली परिस्थिती

जपानमध्ये हे सगळं का बहरलं? तिथे हा कर्करोग फार. म्हणून त्यांनी तो लवकर शोधायची पद्धत बसवली. ‘लवकरचा जठर-कर्करोग’ म्हणजे काय, याची व्याख्याच जपानी एंडोस्कोपीतज्ज्ञांनी १९६२ साली ठरवली. भारतात मिझोराममध्ये प्रमाण सर्वाधिक आहे, महाराष्ट्रात तुलनेनं कमी. कमी असल्यामुळेच आपण बेसावध असतो. आपल्याकडे महिनोन्‌महिने ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून दुखणं अंगावर काढतात, मेडिकलमधून गोळ्या आणून खातात. वजन उतरायला लागलं, काळी शी झाली, दोन घासांत पोट भरू लागलं की मग एंडोस्कोपी होते. तोवर पुष्कळदा दुर्बीण की उघडं, हा प्रश्नच मागे पडलेला असतो.

या रोगाच्या मुळाशी बऱ्याचदा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. नावातच पुन्हा तो द्वारपाल आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात तो उजेडात आणला, २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. डॉक्टर सांगतील त्या गोळ्यांनी तो जातो. जोडण्याची वेळच येऊ नये, याची सुरुवात तिथून होते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. दुरुस्ती की नवी रचना? आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षांना बसणारा सर्जरीचा विद्यार्थी आजही बिलरोथ आणि रू हीच नावं घोकतो. हत्यारं बदलली, छेद लहान झाले, यंत्रमानवही आला, पण जोडायच्या वाटा बहुतांशी त्याच राहिल्या. आणि यातली कुठलीही वाट जठर परत देत नाही. म्हणून मी याला नवी रचना म्हणेन. नव्या घरात राहायला गेलेल्या माणसाला जुन्या सवयी सोडाव्या लागतात. घरच्यांनी हे समजून घेतलं नाही, तर ‘ऑपरेशन चांगलं झालं, आता पोटभर जेव’ असा प्रेमानं आग्रह होतो आणि तोच छळ ठरतो. आपल्या संस्कृतीत आग्रह हे प्रेमाचं रूप आहे. या एका घरात ते रूप बदलावं लागेल. ताट लहान वाढा, पुन्हा दोन तासांनी वाढा, आणि त्याला एकट्याला जेवायला बसवू नका.

एवढं बोलून थांबतो. दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न : जठर काढलेल्या माणसानं एकादशी करावी का?

चांगला प्रश्न आहे. आजाऱ्याला उपवासातून सूट आपल्या परंपरेनंच दिलेली आहे, तेव्हा मनाला टोचणी नको. शिवाय आपला उपवास कसा असतो? दिवसभर रिकामं पोट, मग बशीभर साबुदाण्याची खिचडी, वर राजगिऱ्याचा लाडू. थोडं थोडं आणि वारंवार खायचं, गोड जपून खायचं, हा जो नियम आपण पाहिला, त्याच्या हे नेमकं विरुद्ध आहे. नाम घ्यावं, कीर्तन ऐकावं. पोटाचं काय ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

प्रश्न : दुर्बिणीनं करा असा आग्रह आपण धरावा का?

आग्रह धरू नका, प्रश्न विचारा. गाठ कुठे आहे आणि कितपत वाढली आहे? जठर किती काढणार आणि जोडणार कसं? तुमच्या हातून अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही, कागदावर चित्र काढून दाखवतो. ते चित्र जपून ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर पोटदुखी घेऊन जाल, तेव्हा आत कुठली वाट कुठे जोडलेली आहे, हे त्यांना पहिल्यांदा त्यातूनच कळेल.

प्रश्न : आणि खर्च?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. आपल्याला लागू होते का आणि कुठल्या रुग्णालयात, हे योजनेच्या आरोग्यमित्राला आधी विचारा. पैशाच्या भीतीनं एंडोस्कोपी पुढे ढकलू नका, एवढंच माझं मागणं.